कॅनडात ‘असायलम’ फेटाळलं, आता कोर्टात काय होईल? नाशिकच्या घरांतून येणारे प्रश्न

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना गेल्या काही वर्षांत एक वेगळीच फाईल टेबलावर येऊ लागली आहे. मुलगा किंवा मुलगी कॅनडाला शिकायला गेली, तिथे शरणार्थी म्हणून संरक्षण मागितलं, ते नाकारलं गेलं, आणि इंग्रजीतला लांबलचक निकाल आई-वडिलांच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडला. कॅनडाच्या कोर्टात मी उभी राहू शकत नाही, ते काम तिथल्या वकिलाचं. निकाल वाचून समजावणं, इथले कागद मिळवून देणं आणि तिथल्या वकिलाला काय विचारायचं ते सांगणं एवढं मी करते. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. ही उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा निकाल न वाचता कोणी ‘होऊन जाईल’ म्हणत असेल, तर त्याच्यावर विसंबू नका.

१. केस रिजेक्ट झाली. आता लगेच विमानात बसवून परत पाठवतात का?

नाही. अर्ज करतानाच देश सोडण्याचा एक सशर्त आदेश निघालेला असतो, पण केस चालू असेपर्यंत तो लागू होत नाही. पहिला निकाल इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या ‘रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजन’चा, म्हणजे आरपीडीचा असतो. तो विरोधात गेला, तरी बहुतेकांना बोर्डातच अपील करता येतं आणि ते मुदतीत केलं तर निकाल लागेपर्यंत आदेश थांबून राहतो. अपवाद आहेत, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये पाहा.

२. ‘रॅड’ म्हणजे कोर्टच ना? सरळ हायकोर्टात का जात नाहीत?

रॅड म्हणजे रेफ्युजी अपील डिव्हिजन. ते बोर्डाचंच वरचं अंग आहे, कोर्ट नव्हे. १५ डिसेंबर २०१२ पासून ते काम करतं. रॅडकडे सगळी केस नव्याने तोलण्याचा अधिकार आहे: आरपीडीचा निकाल बरोबर होता का हे ते स्वतः ठरवतं आणि चूक वाटली तर स्वतःच संरक्षण देऊ शकतं. बहुतेक काम कागदांवरच होतं.

त्यानंतरची पायरी म्हणजे फेडरल कोर्ट. कॅनडात इमिग्रेशनचे वाद आपल्या उच्च न्यायालयासारख्या प्रांतीय कोर्टात न जाता या केंद्रीय कोर्टात जातात. रॅडचा मार्ग खुला असताना तो टाळून कोर्टात गेलात, तर कोर्ट दारातूनच परत पाठवतं. आपल्याकडे ‘आधी अपील संपवा, मग रिट करा’ म्हणतात, तसंच.

३. पंधरा दिवस कुठून मोजायचे?

दोन्हीकडे १५ दिवस आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींसाठी. रॅडला ‘अपील करतोय’ अशी सूचना देण्याची मुदत आरपीडीचा लेखी, कारणांसह निकाल मिळाल्यापासून १५ दिवस. अपिलाचे मुद्दे आणि कागद देण्याची मुदत त्याच तारखेपासून ४५ दिवस. रॅडनेही नाकारलं, तर तो निकाल कळल्यापासून १५ दिवसांत फेडरल कोर्टात अर्ज जायला हवा. निर्णय कॅनडाबाहेर झालेला असेल, उदाहरणार्थ दूतावासातून, तर ६० दिवस.

रविवार मोजला जातो, दिवाळीही मोजली जाते. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथे. सिडकोतल्या एका कुटुंबाकडे निकाल तेराव्या दिवशी पोचला, कारण मधल्या माणसाने ‘बघतो, बघतो’ म्हणत तो स्वतःकडेच ठेवला होता. टोरांटो आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे इथून संध्याकाळी फोन केला की तिथे नुकतीच सकाळ झालेली असते. निकाल ज्या ईमेलने किंवा पोर्टलवर आला त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

४. मुदत चुकली. आता काहीच नाही का?

मुदत वाढवून मागता येते, पण ती हक्काची नाही. कोर्ट साधारण चार गोष्टी पाहतं: अर्ज करायचा इरादा सतत होता का, केसमध्ये दम आहे का, उशिरामुळे समोरच्या पक्षाचं नुकसान होतं का, आणि उशिराचं कारण पटण्यासारखं आहे का. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे एकटं कारण सहसा पुरत नाही. आजारपणाचे कागद किंवा सल्लागाराला पाठवलेले आणि उत्तर न आलेले मेसेज उपयोगी पडतात. मुदतवाढीची मागणी मुख्य अर्जातच करायची असते.

५. फेडरल कोर्टात नेमकं काय चालतं? मुलाला साक्ष द्यावी लागेल का?

साक्ष नसते. इथेच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज होतो. आपण मुलाची कहाणी कोर्टाला पुन्हा सांगायला जात नसतो. कोर्ट रॅडचा निकाल तपासतं.

दोन टप्पे आहेत. पहिला, परवानगीचा. वकील अर्ज दाखल करतो, त्याची फी ५० डॉलर. मग मुलाचं प्रतिज्ञापत्र, निकालाची प्रत आणि कायदेशीर मुद्दे असा संच द्यायचा. नियमात त्याला ३० दिवस आहेत, पण अर्जांची गर्दी वाढल्यामुळे मे २०२५ मध्ये कोर्टाने विशेष आदेशाने ते ७५ केले. असे आदेश बदलतात, म्हणून आपल्या केसला कोणती मुदत लागू आहे हे वकिलाकडून लेखी घ्या. सरकारी वकिलाचं उत्तर येतं, त्याला प्रत्युत्तर जातं, आणि न्यायाधीश कागद वाचून ठरवतात की सुनावणी द्यायची की नाही. नकार आला तर त्यावर अपील नाही.

परवानगी मिळाली तर ३० ते ९० दिवसांच्या आत सुनावणी ठेवतात. तिथे फक्त वकील बोलतात. मुलाने हजर राहावं की नाही हे त्याच्या मनावर.

६. कोर्टात जिंकलो म्हणजे पीआर (कायम राहण्याचा परवाना) पक्का?

नाही. कोर्ट शरणार्थीचा दर्जा देत नाही. निकाल रद्द करून ते केस रॅडच्या दुसऱ्या सदस्याकडे नव्याने विचार करायला पाठवतं. तो सदस्य पुन्हा नकार देऊ शकतो, फक्त या वेळी त्याला ती चूक करता येत नाही. पेढे वाटण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

७. मग कोर्ट निकाल कशावरून रद्द करतं? ‘अन्याय झाला’ एवढं पुरेसं नाही का?

नाही, चूक दाखवावी लागते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ ला ‘वाविलोव्ह’ प्रकरणात कसोटी स्पष्ट केली: निर्णय ‘वाजवी’ आहे का? त्यातला तर्क पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत सलग पोचतो का? ‘मी त्या सदस्याच्या जागी असतो तर वेगळं ठरवलं असतं’, एवढ्यावरून कोर्टाचा न्यायाधीश हात घालत नाही.

प्रत्यक्षात मला कामाच्या वाटलेल्या चुका अशा: महत्त्वाचा कागद फाईलमध्ये होता, पण निकालात त्याचा उल्लेखच नाही. तारखेतल्या क्षुल्लक फरकावरून माणूस खोटा ठरवला. ‘खरंच छळ झाला असता तर तो तेव्हाच घर सोडून गेला असता’ असं स्वतःच्या समजुतीने गृहीत धरलं, आणि निफाडच्या वाड्यात सासू-सासऱ्यांसोबत राहणाऱ्या बाईला ते शक्य होतं का, हे पाहिलंच नाही. किंवा जो मुद्दा सुनावणीत कोणी काढलाच नाही, त्यावरच निकाल दिला. शेवटची चूक न्याय्य प्रक्रियेची आहे आणि तिला कोर्ट फार गांभीर्याने घेतं.

समोर बसवून म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क कॅनडात मिळाला, तोही मुख्यतः भारतातून गेलेल्या शीख अर्जदारांमुळे. ४ एप्रिल १९८५ च्या ‘सिंग’ निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाचा जीव आणि सुरक्षितता पणाला लागलेली असताना त्याला तोंडी सुनावणीशिवाय नाकारता येत नाही. तो दिवस तिथे शरणार्थी हक्क दिन म्हणून पाळतात.

निकालाची प्रत घ्या, प्रत्येक परिच्छेदाला समासात आकडा टाका, आणि मुलाला विचारा: ‘हे चूक असेल तर फाईलमधला कोणता कागद ते दाखवतो?’ ज्याला कागद नाही, तो मुद्दा कोर्टात टिकत नाही.

८. निकालात लिहिलंय की तो ‘मुंबई, बंगळुरू किंवा कोलकात्यात’ राहू शकतो. म्हणजे काय?

हा भारतीय केसेसमधला नेहमीचा खड्डा. याला ते देशांतर्गत सुरक्षित ठिकाण म्हणतात. आपल्या देशात दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल, तर परक्या देशाचं संरक्षण मिळत नाही. १९९१ च्या ‘रसरत्नम’ निकालापासून याच्या दोन पायऱ्या आहेत: त्या शहरात छळाचा गंभीर धोका नाही ना, आणि तिथे राहायला जाणं त्या माणसासाठी अवास्तव नाही ना. बोर्डाने शहर सुचवलं की ते चालणार नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदारावर येते. दुसऱ्या पायरीचा उंबरा फार वर आहे. भाषा येत नाही, नोकरी मिळणार नाही, घर महाग, एवढ्याने भागत नाही.

म्हणून लढाई बहुधा पहिल्या पायरीवर होते: शोधणाऱ्याकडे तिथपर्यंत पोचायचं साधन आहे का, आणि इच्छा अजून आहे का? भावकीतला सिन्नरच्या चार एकरांचा वाद असेल, तर चुलते कोलकात्याला का जातील, या प्रश्नाला उत्तर हवं. उलट मागे लागलेल्यांचे पोलिसांत किंवा पक्षात वजनदार संबंध असतील, तर भाडेकरू पडताळणी आणि पोलिसांच्या संगणकावरून माणूस सापडू शकतो का, हा मुद्दा येतो. बोर्डाच्या भारताविषयीच्या माहितीसंचात या दोन्ही गोष्टी आहेत. रॅडने त्या वाचून मुलाच्या बाजूचा भाग गाळला असेल, तर तो मुद्दा कोर्टात न्यायला योग्य.

निव्वळ जमिनीच्या वादाबद्दल आणखी एक. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशाशी धोका जोडला गेला नाही, तर कॅनडाच्या शरणार्थी कायद्याचं कलम ९६ लागत नाही. मग कलम ९७ उरतं: जिवाला धोका, क्रूर वागणूक किंवा यातना. सातबारा तिथे लावावा, पण तो एकटा धमकी सिद्ध करत नाही.

९. आम्ही पोलिसांत गेलोच नाही. जातपंचायतीच्या विरोधात कोण तक्रार घेतं?

कॅनडाचा कायदा असं धरून चालतो की देश आपल्या नागरिकाचं रक्षण करू शकतो. हे खोडायला स्पष्ट आणि पटणारा पुरावा लागतो, १९९३ च्या ‘वॉर्ड’ निकालापासून. बोर्डाला हेही माहीत असतं की महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि २०१८ च्या ‘शक्ती वाहिनी’ निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय जोडप्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. त्यामुळे ‘इथे कायदाच नाही’ हा युक्तिवाद आपटतो.

तो कायदा त्या गावात, त्या ठाण्यात, त्या मुलीच्या वेळी चालला का, हा खरा प्रश्न. कायदा पुस्तकात असणं आणि संरक्षण प्रत्यक्ष मिळणं वेगळं, आणि रॅडने फक्त कायद्यांची यादी देऊन विषय संपवला असेल तर कोर्टाने असे निकाल परत पाठवलेले आहेत. गेलो आणि हाकललं असेल तर तारीख, ठाणं, कोण सोबत होतं हे लिहून काढा. नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली असेल तर तिचीही प्रत चालते.

१०. आता आम्ही नाशिकहून एफआयआर, सरपंचाचा दाखला, शेजाऱ्यांची पत्रं पाठवतो. चालेल ना?

कुठल्या पायरीवर आहात त्यावर ठरतं. रॅडपुढे नवा पुरावा तीनच प्रकारे जातो: तो नकारानंतर तयार झालेला असावा, किंवा आधी मिळण्यासारखा नसावा, किंवा त्या परिस्थितीत आधी दिला जाईल अशी अपेक्षा करणं योग्य नसावं. आधीपासून कपाटात असलेला कागद ‘आता सापडला’ म्हणून घेत नाहीत. फेडरल कोर्टात तर रॅडपुढे नसलेला पुरावा जवळजवळ चालतच नाही. अपवाद मुख्यतः प्रक्रियेतला अन्याय दाखवणाऱ्या कागदांचा, जसं प्रश्न ११ मध्ये आहे.

मिळवायचं कसं? एफआयआर संवेदनशील नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडतो. कोर्टातल्या कागदांची प्रमाणित नक्कल नक्कल विभागातून काढा, साधी झेरॉक्स पाठवू नका. १ जुलै २०२४ नंतरचा एफआयआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली असतो, आधीचा जुन्या १५४ खाली. जुन्या तारखेच्या कागदावर नवं कलम दिसलं की तो बनावट असल्याचा संशय येतो. मराठी कागदासोबत पूर्ण इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर आणि भाषांतरकाराची सही असलेली घोषणा हवी. अर्धवट भाषांतर करू नका, शिक्क्यावरचा मजकूरसुद्धा लिहा.

सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच मजकुराखाली सह्या केलेली पत्रं नुकसान करतात. प्रत्येकाने स्वतः काय पाहिलं तेवढंच स्वतःच्या शब्दांत लिहावं, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही.

११. दुभाषा हिंदीचा दिला होता, मुलीला नीट बोलताच आलं नाही. हा मुद्दा होतो का? आणि कन्सल्टंटनेच चुकीचं लिहिलं असेल तर?

होतो, पण वेळेत आक्षेप घेतला असेल तर. भाषांतर सलग, अचूक आणि निःपक्षपाती असावं लागतं. ते तसं नाही हे कळताच, म्हणजे शक्यतो सुनावणीतच, सांगावं लागतं. अर्जात मराठी दुभाषा मागता येतो, तरी आपली मुलं ‘हिंदी चालेल’ म्हणून मोकळी होतात. सुनावणीचं ध्वनिमुद्रण मिळतं. ते मराठी जाणणाऱ्याने ऐकून चूक कुठल्या मिनिटाला आहे ते टिपावं.

कन्सल्टंटच्या चुकीचा मुद्दा मांडण्याआधी त्याला लेखी सूचना देऊन उत्तराची संधी द्यावी लागते. मग दाखवायचं की काम अक्षम होतं आणि तसं नसतं तर निकाल वेगळा लागू शकला असता. परवानाधारक कन्सल्टंट बोर्डापुढे उभा राहू शकतो, फेडरल कोर्टात मात्र पक्षकाराची बाजू वकीलच मांडतो. परवाना खरा आहे का, हे कॅनडातल्या कन्सल्टंटांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येतं. नाशकातल्या ऑफिसात बसून फॉर्म भरणाऱ्या एजंटचं नाव तिथे नसेल, तर त्याची तिथे काहीच जबाबदारी नाही.

१२. निकालात ‘नो क्रेडिबल बेसिस’ लिहिलंय. त्याचा एवढा बाऊ का करतात?

कारण त्या शब्दांनी, म्हणजे ‘विश्वास ठेवण्याजोगा आधारच नाही’ या शेऱ्याने, रॅडचं दार बंद होतं. ‘मॅनिफेस्टली अनफाउंडेड’ म्हणजे उघड निराधार या शेऱ्याचंही तेच. अर्ज मागे घेतला किंवा सोडून दिला असं ठरलं असेल, किंवा अमेरिकेच्या सीमेवरून सुरक्षित तिसऱ्या देशाच्या कराराच्या (आधी पोचलेल्या सुरक्षित देशातच अर्ज करायचा, असा कॅनडा-अमेरिका करार) अपवादातून आत आला असेल, तरी रॅड नाही. मग सरळ फेडरल कोर्ट, तेच १५ दिवस.

आणि इथे आपोआप स्टे मिळत नाही. रॅडच्या नकाराविरुद्ध वेळेत कोर्टात गेलं तर परत पाठवणं बहुतेक वेळा आपोआप थांबतं. इथे मात्र पाठवणीची तारीख आली की वेगळा अर्ज करून स्टे मागावा लागतो, आणि तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: गंभीर मुद्दा आहे, परत गेल्यास भरून न येणारी हानी होईल, आणि सोयी-गैरसोयीचा तोल आपल्या बाजूला आहे. शिक्षणाचे पैसे बुडतील, ही त्या अर्थाने भरून न येणारी हानी धरत नाहीत.

१३. त्याने आधी अमेरिकेत अर्ज केला होता. म्हणून कॅनडाने ऐकूनच घेतलं नाही. हे कायदेशीर आहे?

हो. २०१९ पासून कॅनडाशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांपैकी कुठे आधी अर्ज केला असेल, तर बोर्डाकडे केस जात नाही. त्याऐवजी पाठवणीपूर्व जोखीम तपासणी, म्हणजे पीआरआरए, सुनावणीसह होते. तिचा निकाल फेडरल कोर्टात नेता येतो.

१४. ताई, खरं सांगतो, एजंटने गोष्ट रचून दिली होती. तीच कोर्टात पुढे न्यायची का?

नाही. प्रतिज्ञापत्रावर पुन्हा सही करणं म्हणजे शपथेवर पुन्हा खोटं बोलणं. संरक्षण मिळालं तरी ते खोट्यावर मिळाल्याचं उघड झालं की नंतर काढून घेतात. तिथल्या वकिलाला सगळं खरं सांगा, तो ते गुप्त ठेवायला बांधील आहे. आदेश लागू झाल्यावर ३० दिवसांत, विमानतळावर नोंद करून स्वतः देश सोडला, तर पुन्हा जाण्याचा रस्ता पूर्ण बंद होत नाही. नाही सोडला तर त्याचं निष्कासन होतं, आणि मग परतायला खास परवानगी लागते, कितीही वर्षं गेली तरी.

शरणपूर रोडने आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शरणपूरच्या मिशन वस्तीत आसरा मिळाला होता. जिला तसा आसरा खरंच हवा आहे, त्या मुलीच्या फाईलकडे रचलेल्या शंभर गोष्टी वाचून थकलेले डोळे बघतात. म्हणून माझ्याकडे रचलेली केस आली की मी पुढे नेण्याचा सल्ला देत नाही.

१५. कोर्टानेही नाकारलं. आता?

फेडरल कोर्ट ऑफ अपीलमध्ये तेव्हाच जाता येतं, जेव्हा न्यायाधीश स्वतः ‘हा सर्वांसाठी महत्त्वाचा प्रश्न आहे’ असं प्रमाणित करतात. ते क्वचित होतं. पीआरआरए आणि मानवतेच्या आधारावरचा अर्ज, दोन्हींना शेवटच्या नकारापासून साधारण १२ महिने थांबावं लागतं. मानवतेच्या अर्जाला मुलांचं हित किंवा जीवघेण्या आजारावर भारतात उपचार नसणं हे अपवाद आहेत, पण त्या अर्जाने पाठवणी थांबत नाही.

१६. आजी अत्यवस्थ आहे. केस चालू असताना आठ दिवस नाशिकला येऊन जाता येईल का?

येऊ नका, हे लिहिताना मलाही जड जातं. पासपोर्ट बहुधा तिथल्या अधिकाऱ्यांकडे जमा असतो, आणि बाहेर पडल्यावर परत जायला नवा व्हिसा लागतो. शिवाय ज्या देशात जिवाला धोका आहे म्हणालात, तिथेच स्वतःहून गेलात, हे पुढच्या प्रत्येक पायरीवर विचारलं जाईल. व्हिडिओ कॉल लावून द्या.

१७. गावात कळेल का? निकाल इंटरनेटवर येतो म्हणे.

बोर्डाची सुनावणी बंद दाराआड असते. फेडरल कोर्टाचे निकाल मात्र नावासह प्रसिद्ध होतात. परवानगीचा अर्ज करतानाच नाव गुप्त ठेवण्याची मागणी करता येते, कोर्टाच्या नियमांत ती सोय आहे. समलैंगिक मुलांच्या आणि घरातल्या हिंसेच्या केसमध्ये ती आवर्जून करा. नंतर आठवलं तर नाव तोवर सार्वजनिक नोंदीत गेलेलं असतं.

१८. खर्च किती?

रॅडला फी नाही, कोर्टाला ५० डॉलर. बाकी वकिलाची फी, ती लेखी करारात घ्या. ओंटारियो, ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतांत गरजूंना सरकारी कायदेशीर मदत मिळते, पण केसमध्ये दम आहे का हे ते आधी पाहतात. हरल्यास सरकारचा खर्च सहसा भरावा लागत नाही. यासाठी शेत गहाण टाकायला निघालेल्यांना मी आधी प्रश्न ७ वाचून, समासातल्या आकड्यांसह निकाल घेऊन यायला सांगते.

१९. मुलगी लंडनला आहे. हेच नियम तिलाही?

नाही. ब्रिटनमध्ये नकाराविरुद्ध अपील फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे जातं आणि देशात राहून करायचं असेल तर साधारण १४ दिवसांत. तिथल्या वकिलालाच विचारा, आणि निकालाची तारीख आजच लिहून ठेवा.